अंटार्क्टिकाच्या मातीतल्या जिवाणूंत प्रतिजैविक शोधताना

अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री या संशोधन तळाजवळच्या शिर्माखर ओॲसिस या बर्फमुक्त भागातल्या मातीतला जिवाणू १५ अंश सेल्सिअसला खुशाल वाढतो. ज्याच्यावर त्याची परीक्षा घ्यायची तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा रोगकारक जिवाणू मागतो ३७. दोघांना एकाच तापमानात बसवायला गेलं की काम फसतं, म्हणून चाचणी दोन टप्प्यांत करायची.

गोठलेला नमुना रात्रभर ४ अंशांना वितळू द्या. १ ग्रॅम माती ९ मिलि थंड ०.८५ टक्के सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) हलवा, दहापटीने विरळ करत जा आणि प्रत्येक पायरीचे ०.१ मिलि आर२ए आगरवर (कमी पोषणाच्या घट्ट माध्यमावर) पसरा. पोअर प्लेट, म्हणजे नमुना पातळ आगरात मिसळून ओतणं, मुळीच नको: ४५ अंशांच्या पातळ आगरात थंडीचे जिवाणू तिथेच मरतात. प्लेटी ४ आणि १५ अंशांना, पॅराफिल्म लावून, उलट्या ठेवा. ४ अंशांच्या प्लेटींना सहा आठवडेही लागतात. आगर २५ मिलि ओता, पातळ थर तोवर वाळून जातो.

वेगळी केलेली प्रत्येक कॉलनी लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठवा. वारंवार उपसंवर्धन केलं, म्हणजे एका प्लेटीवरून दुसरीवर वाढवत नेलं, की प्रतिजैविक बनवण्याची क्षमता बऱ्याचदा हरवते.

आता चाचणी. काचेच्या पेट्री डिशमध्ये जिवाणूचा ठिपका लावून १५ अंशांना पाच ते सात दिवस वाढवा. मग तो मारण्यासाठी फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) क्लोरोफॉर्मच्या वाफेत अर्धा तास, आणि झाकण उघडून आणखी अर्धा तास. प्लॅस्टिकची डिश क्लोरोफॉर्मने विरघळते. वर ०.७ टक्के मऊ आगराचे ६ मिलि, मिलिलिटरमागे साधारण दहा लाख स्टॅफिलोकॉकस मिसळून, ओता. ३७ अंशांना रात्रभर. सकाळी सगळीकडे दुधाळ धुकं आणि ठिपक्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं दिसलं, तर दखल घ्या. शेजारी निव्वळ आगराचा ठिपकाही क्लोरोफॉर्म देऊन ठेवलेला हवा, नाहीतर उरलेली वाफच कडं पाडते.

तरी लगेच हुरळू नका. आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह ओढून घेणारे सिडरोफोरही असंच कडं पाडतात. द्रव संवर्धनाचा गाळलेला भाग आम्ल घालवायला पीएच ७ ला आणा, पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज घाला, वेगळ्या नळीत लोह पुरवणारं फेरिक क्लोराइड घाला आणि पुन्हा तपासा. प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के दिल्यावर परिणाम गेला, तर पदार्थ प्रथिनासारखा आहे.

जांभळी कॉलनी दिसली, तर जॅन्थिनोबॅक्टेरियम या जिवाणूचं व्हायोलासिन हे जांभळं रंगद्रव्य असण्याची शक्यता मोठी. ते जुनंच ओळखीचं आहे. जिवाणू ओळखायला १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम आणि पदार्थ ओळखायला एलसी-एमएस (द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन) आधी करून घ्या, म्हणजे महिने वाचतील.