मॉर्गन डॉलरची छाप तपासताना या चुका टाळा

मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, हातात आला की नजर आधी समोरच्या बाजूवरच्या लिबर्टी या स्त्रीमुखाच्या कानावरच्या केसांकडे जाते. तिथल्या बटा सपाट दिसल्या की नाणे 'वापरलेले' म्हणून बाजूला पडते. सर्वांत महाग पडणारी चूक हीच. अपुरी छाप (नाणे पाडतानाच चित्र नीट न उमटणे) म्हणजे झीज नव्हे.

कानावरचे केस आणि मागच्या बाजूची गरुडाची छाती पाठीला पाठ लावून येतात. दोन्ही डायमध्ये (चित्र उमटवणाऱ्या ठशांमध्ये) तिथेच खोल खळगे असतात आणि ते भरायला चांदी एकाच जागेतून ओढली जाते. डायमधले अंतर थोडे जास्त ठेवले किंवा दाब कमी पडला, की चांदी तिथवर पोचतच नाही. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या (मागे माळेखाली 'ओ' हे अक्षर) बऱ्याच नाण्यांत हे दिसते, १८९१ आणि १८९२ च्या तर फारच.

मग ओळखायचे कसे? ट्यूबलाइट बंद करा, एकाच बल्बचा दिवा घ्या. नाणे कडेने धरून सावकाश तिरपे फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चकाकीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो आणि सपाट भागावरूनही साधारण सलग जातो. झिजलेल्या नाण्यावर तो उंचवट्यांपाशी तुटतो, तिथे राखाडी डाग उरतो. आता पाचपट भिंग लावा. कानाजवळ बारीक खड्डे, ओरखडे दिसले तर ते बहुधा कोऱ्या चकतीवरचे, दाब न पोचल्यामुळे न बुजलेले. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत असते. लिबर्टीच्या गालाचा आणि कपाळावरच्या केसांचा रंगही बघा. तिथेही राखाडी छटा असेल तर नाणे चलनात फिरलेले आहे.

डाय थकली असेल तर दोष वेगळा दिसतो. अक्षरे कडेकडे ओढल्यासारखी होतात, मोकळ्या जागेत बारीक रेषा उमटतात. केस मात्र बऱ्यापैकी भरलेले असू शकतात. एखादेच अक्षर पुसट असेल तर डायमध्ये ग्रीस साचले होते का, याचा विचार करा.

१९२१ चा मॉर्गन १८८१ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्याशी ताडून बघू नका. १९१८ च्या अमेरिकी पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले गेले, त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानच्या रुपयांसाठी आली. त्यांच्या भरपाईसाठी १९२१ मध्ये मॉर्गन पुन्हा पाडले तेव्हा डाय नव्याने घडवल्या आणि उठाव मुळातच कमी ठेवला. त्याच वर्षी आलेल्या पीस डॉलरचे (मॉर्गननंतरच्या चांदीच्या डॉलरचे) उलटे: उठाव इतका उंच की मधले केस बहुधा अपुरेच उमटले. १९२२ मध्ये तो कमी करावा लागला.

आरशासारखी चमक पाहूनही छाप चांगली समजू नका. चमक डायच्या पॉलिशमुळे येते, दाबामुळे नाही. आणि शंका आली म्हणून नाणे कपड्याने पुसू नका. चकाकी गेली की वरची तपासणीच करता येत नाही.