लेखकांचे ईमेल उघडे पडतात ते असे: ऑनलाइन अंक काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

गेली अकरा वर्षे मी छोट्या नियतकालिकांची आणि दिवाळी अंकांची संकेतस्थळे सांभाळतो आहे. त्यांतली बहुतेक वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर चालतात आणि बहुतेकांचे संपादक मला पहिल्याच भेटीत सांगतात, की आम्ही लेखकांचे ईमेल कुठेही छापत नाही. ते खरेच बोलत असतात. पत्ता बाहेर जातो तो अशा जागांतून, ज्या संपादकाने कधी उघडूनच पाहिलेल्या नसतात.

त्यांतली मला सर्वांत संताप आणणारी चूक म्हणजे लेखकाचे खाते उघडताना युजरनेमच्या रकान्यात त्याचा ईमेल टाकणे. अंक तोंडावर आलेला असतो, चाळीस लेखक असतात, प्रत्येकाला वेगळे नाव कोण शोधत बसणार, म्हणून तोच पत्ता दोन्ही रकान्यांत चिकटवला जातो. वर्डप्रेस या युजरनेमवरूनच लेखकाच्या पानाचा दुवा तयार करते. त्यात अ‍ॅटचे चिन्ह गळते, टिंबाच्या जागी आडवी रेघ येते आणि बाकी सारे जसेच्या तसे राहते: नाव, रेघ, आडनाव, जन्मसाल, त्याला चिकटून जीमेल, पुन्हा रेघ आणि कॉम. मूळ पत्ता ओळखायला शाळकरी पोरही पुरे. पण कवितेवर टोपणनाव दिसते आहे ना, एवढ्यावर संपादक निर्धास्त असतात.

अशाच एका अंकात एक बाई टोपणनावाने कविता लिहीत. कवितांमध्ये घरातले बरेच काही असल्यामुळे कार्यालयात त्यांनी याविषयी अवाक्षरही काढलेले नव्हते. एका सहकाऱ्याला त्यांची एक कविता व्हॉट्सअ‍ॅपवरून आली, ती आवडली, आणखी वाचावे म्हणून त्याने टोपणनावावर टिचकी मारली, तर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत त्याला शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा रोजचा ईमेल दिसला. रात्री संपादकांचा फोन आल्यावर मी अर्ध्या तासात तो दुवा बदलून टाकला, आणि जुने दुवे मोडू नयेत या आमच्या धंद्यातल्या सवयीपायी जुन्या दुव्यावरून नव्याकडे कायमचे वळणही लावून दिले. दुसऱ्या दिवशी बाईंचाच फोन आला. “अहो, माझा पत्ता असलेला जुना दुवा टाकला की सरळ टोपणनावाचं पान उघडतंय. काल निदान नाही म्हणायला जागा होती!” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. संशय होता तिथे मी पुरावा नेऊन ठेवला होता.

तेव्हापासून मी असा जुना दुवा कुठेही वळवत नाही. तिथे ‘हे पान कायमचे काढले आहे’ असे सांगणारा ४१० हा संकेत देतो. गूगलच्या सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनातून तो दुवा शोधनिकालांतून काढण्याची विनंतीही करतो, मात्र ती सुमारे सहा महिनेच टिकते, त्यामुळे पान खरोखर गेलेले असावे लागते. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवरून युजरनेम बदलता येत नाही. म्हणून जुन्या खात्यातला ईमेल आधी बदलून तो मोकळा करावा, त्याच ईमेलवर पण असंबद्ध युजरनेमचे नवे खाते उघडावे, आणि जुने खाते पुसताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात सर्व लेखन नव्या खात्याच्या नावे करावे. ही पायरी गाळून घाईने ‘डिलीट’ दाबणाऱ्या एका उत्साही मुलाने सहा वर्षांचे लेख घालवले होते. ते बॅकअपमधून परत आणायला मला एक रविवार लागला. शिवाय ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस लेखकांच्या पानांची यादी साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या सूचीत, आपणहून देते. ती एकदा उघडून वाचावी. मी ती बंदच ठेवतो.

लेखकाच्या नावाशेजारचे चित्र ग्रॅव्हॅटार या सेवेकडून येत असेल, तर चित्राच्या दुव्यात ईमेलचा हॅश, म्हणजे ठरावीक गणिताने त्यापासून काढलेली अक्षर-अंकांची खूण, असतो, आणि हॅश म्हणजे कुलूप असे समजणारे फार भेटतात. हॅश उलटा सोडवता येत नाही हे खरे. परंतु संभाव्य पत्त्यांचे हॅश काढून ते ताडून पाहता येतात, आणि आपल्याकडचे निम्मे पत्ते नाव-आडनावाच्या साच्यातलेच असतात. २०२० मध्ये ग्रॅव्हॅटारवरून १६ कोटी ७० लाख प्रोफाइलची नावे आणि एमडी५ या पद्धतीने काढलेले हॅश उपसले गेले, आणि त्यांतल्या ११ कोटी ४० लाख हॅशमागचे पत्ते उलगडले गेले. सेटिंग्जच्या डिस्कशन पानावर जाऊन मी ‘अवतार’, म्हणजे नावाशेजारची ही चित्रे, बंद करतो आणि लेखकाचे छायाचित्र स्वतः चढवतो.

पत्ता ‘अ‍ॅट’ आणि ‘डॉट’ असा शब्दांत लिहून पत्ते वेचणाऱ्या यंत्रांना फसवल्याचे समाधान कोणी मानू नये. संपर्कासाठी अर्ज ठेवावा. पासवर्ड विसरल्यावर ‘हा ईमेल आमच्याकडे नाही’ असे उत्तर देणारे पान कोणाचे खाते आहे आणि कोणाचे नाही हे जगाला सांगत असते. वर्गणीदारांच्या पत्रातील ‘यादीतून नाव काढा’ या दुव्यात ईमेल उघडा लिहू नये, कारण तो सर्व्हरच्या नोंदींत आणि वाचकसंख्या मोजणाऱ्या सेवांकडे जाऊन बसतो. आणि साहित्य मागवण्याचे पत्र दोनशे जणांना ‘सीसी’मध्ये, म्हणजे प्रत्येकाला सगळ्यांचे पत्ते दिसतील असे, पाठवणाऱ्यांबद्दल मी आता काही बोलत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, एवढेच त्यांना कळवतो.

हे सारे तपासणारी प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची छोटी साधने, मिळतात, पण माझा भरवसा हाताने पाहण्यावर आहे. जीमेलच्या पत्त्यात अ‍ॅटच्या आधी अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी पत्र आपल्यालाच येते, म्हणून प्रत्येक संकेतस्थळावर मी अंकाचे नाव जोडलेल्या पत्त्याने एक खोटा लेखक नोंदवून ठेवतो. त्या पत्त्यावर जाहिरात आली, की गळती कुठली ते कळते. अंक प्रसिद्ध होण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ कोड, उघडून मी त्यात ‘जीमेल’ हा शब्द शोधतो. गेल्या दिवाळीत तो सतरा ठिकाणी निघाला: मांडणीकाराने लेखकांची छायाचित्रे ओळखता यावीत म्हणून प्रत्येक फाइलला त्या त्या लेखकाच्या ईमेलचेच नाव दिले होते.