नवं ऑटोमॅटिक घड्याळ रोज चार मिनिटं पुढे: माझा उपाय

सेकोच्या एनएच३५ मशीनला, म्हणजे अनेक ऑटोमॅटिक घड्याळांच्या आत असणाऱ्या यंत्राला, कंपनीच दिवसाला -20 ते +40 सेकंदांची सूट देते. तेवढा फरक हा दोष नव्हे. नवं घड्याळ मिनिटांनी पुढे पळू लागलं, तर आधी चुंबकाचा संशय घ्या. हेअरस्प्रिंगचे (आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ मोजणारं मागेपुढे झुलणारं चाक, भराभर हलू लागतं.

माझ्या घड्याळाला हे उद्यमनगरातल्या सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकाजवळ (लोखंडी काम चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटाजवळ) झालं. तिथे काम असेल तर घड्याळ काढूनच ठेवा.

होकायंत्राजवळ घड्याळ सगळ्या बाजूंनी फिरवा. सुई नुसती ओढली गेली तर ते पोलादामुळेही होतं. ढकलली गेली की चुंबकत्व नक्की.

मग डिमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र. घड्याळ त्यावर ठेवा, बटण दाबा आणि दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश हातभर वर न्या. त्यानंतरच बटण सोडा. घाईने जवळच सोडलंत तर चुंबकत्व पुन्हा बसू शकतं.

आता चावीचे तीसेक फेरे द्या, मोबाइलच्या वेळेशी सेकंद जुळवा, 24 तासांनी बघा. माझं इथेच ताळ्यावर आलं.

तरीही चुकत असेल तर टायमिंग मशीन असलेला घड्याळजी गाठा. डायल वर ठेवून, पूर्ण चावीवर अॅम्प्लिट्यूड (बॅलन्स व्हीलचा झोका) 220 अंशांखाली असेल तर रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारा काटा) हलवून काही साधत नाही. सफाई आणि तेलच लागतं. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडू न देता सर्व्हिस सेंटरलाच द्या.