समोरासमोरच्या धडकेतले बल कसे काढायचे

वस्तुमान आणि वेग एवढेच माहीत असेल, तर धडकेचे बल निघत नाही. त्यावरून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) किती बदलला तेवढे कळते. बलासाठी तो बदल किती वेळात झाला हेही लागते, आणि बहुतेकांचे गणित इथेच अडते.

निफाड–नाशिक रस्ता डोळ्यांसमोर आणा. कांद्याने भरलेली पिकअप ताशी ५४ किमी वेगाने नाशिककडे निघाली आहे आणि समोरून ताशी ७२ किमी वेगाने कार येते आहे.

आधी वस्तुमान. भुईकाट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचे, रिकाम्या गाडीचे आणि मालाचे निव्वळ, अशी तीन वजने असतात. आपल्याला भरलेल्या गाडीचे हवे. ते ३,००० किलो धरू. निव्वळ वजन घेतले तर खुद्द गाडीच हिशेबातून सुटते. कार प्रवाशांसह १,००० किलो. या आकड्यांना ९.८ ने गुणू नका; इथे वस्तुमान हवे, वजनाचे बल नव्हे.

वेगांना ३.६ ने भागा : पिकअप १५ मीटर प्रतिसेकंद, कार २०. नाशिकची दिशा अधिक मानली, तर कारचा वेग उणे २०. हे उणे चिन्ह राहिले की पुढचे सगळे चुकते.

धडकेनंतर दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या असे धरू. एकूण संवेग ४५,००० − २०,००० = २५,०००. भागिले ४,००० किलो, म्हणजे दोन्ही मिळून ६.२५ च्या वेगाने नाशिककडे सरकतील. कारचा वेग उणे २० वरून अधिक ६.२५ झाला, बदल २६.२५, पिकअपचा बदल फक्त ८.७५. वस्तुमानाने गुणून पाहा, दोन्हीकडे २६,२५० च येते. आले नाही, तर मागे कुठेतरी चूक आहे. गाड्या उसळून वेगळ्या झाल्या असत्या, तर हा आकडा आणखी मोठा निघाला असता.

आता वेळ. तो घड्याळाने मोजता येत नाही, पण पत्रा किती चेपला ते टेपने मोजता येते. कार १ मीटर आणि पिकअप ०.४ मीटर चेपली, तर एकूण १.४ मीटर. एकमेकींकडे येण्याचा वेग १५ + २० = ३५ होता, चेपणे संपताना शून्य; सरासरी १७.५. म्हणून वेळ १.४ ÷ १७.५ = ०.०८ सेकंद.

बल = २६,२५० ÷ ०.०८ = ३,२८,१२५ न्यूटन, साधारण ३३ टन वजनाइतके. दोन्ही गाड्यांवर सारखेच. 'मोठ्या गाडीला कमी मार बसतो' हे बलाच्या बाबतीत खरे नाही; फरक त्वरणात, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो त्यात पडतो. बल भागिले वस्तुमान केले की कारचे त्वरण सुमारे ३२८ येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या (९.८) ३३ पट, पिकअपवर ११ पट.

उत्तर ऊर्जेने पडताळा. आधीची गतिज ऊर्जा ५,३७,५०० ज्यूल, नंतरची ७८,१२५, फरक ४,५९,३७५. बल गुणिले १.४ मीटर केले की नेमके तेवढेच. बरेच जण मात्र नुसत्या कारची २,००,००० ज्यूल ऊर्जा १ मीटरने भागतात आणि बल फार कमी काढतात. चेपत असताना पिकअप कारला मागेही ढकलत असते, ते त्यात धरलेलेच नसते.

हे बल सरासरी आहे. खरे बल चढते आणि उतरते. आलेख त्रिकोणी असेल तर शिखर सरासरीच्या दुप्पट. पुढची गाडी त्याच दिशेने जात असेल, तर जवळ येण्याचा वेग काढताना वेगांची बेरीज न करता वजाबाकी करायची. नाशिकच्या द्वारका चौकासारख्या ठिकाणी काटकोनात धडक झाली, तर पूर्व–पश्चिम आणि उत्तर–दक्षिण संवेग वेगवेगळे मांडायचे.

कारमधल्या ६० किलोच्या, बेल्ट लावलेल्या माणसावर ६० × ३२८, म्हणजे सुमारे १९,७०० न्यूटन बल येते. बेल्ट नसेल तर ०.०८ सेकंद हा वेळ त्याला लागू होत नाही. तो डॅशबोर्डवर आदळून थांबतो. तो वेळ ०.००८ सेकंद धरला, तर बल दहापट.