टोमॅटोचं झाड मान टाकतंय? पाण्याची झारी खाली ठेवा, आधी हे बघा

टोमॅटोला काहीही झालं की दोनच सल्ले मिळतात, नीम ऑइल मारा नाहीतर पाणी वाढवा, आणि दोन्ही झाडाकडे न बघताच दिलेले असतात. आधी आजार ओळखा. निम्म्या वेळा औषध लागतच नाही.

सुरुवात कुठून झाली ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडतायत म्हणजे नत्र कमी, खत द्या. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी, आणि तेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसलं तर लोह कमी.

मग पान उलटा. पांढरी माशी, मावा तिथेच बसतात. पानावर बारीक फिकट टिपके असतील तर ते पांढऱ्या कागदावर झटका, धुळीसारखे कण चालायला लागले की समजा कोळी कीड आहे.

डागांचं सोपं आहे. खालच्या पानांवर तपकिरी डाग आणि डागात एकात एक गोल वर्तुळं दिसली की तो लवकर येणारा करपा, डागाळलेली पानं काढून टाका, पाणी मुळाशी द्या पानांवर नको, खाली आच्छादन घाला म्हणजे मातीचे शिंतोडे वर उडणार नाहीत. तांब्याचं बुरशीनाशक नवी पानं वाचवतं, जुने डाग पुसत नाही. पण थंड ढगाळ हवेत पाण्यात भिजल्यासारखे काळपट चट्टे आले, पानाखाली पांढरी बुरशी दिसली आणि खोडही काळं पडायला लागलं, तर तो उशिरा येणारा करपा. तिथे वाट बघू नका, अख्खं झाड पिशवीत घालून बाहेर काढा, चार-पाच दिवसांत शेजारची झाडंही जातात.

आता मान टाकणारं झाड. इथेच सगळ्यात जास्त झाडं मरतात आणि ती आपणच मारतो.

माझं एक झाड हिरव्या फळांनी लगडलेलं होतं, एका दुपारी पानं लोंबलेली दिसली म्हणून पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी परत लोंबली म्हणून परत घातलं, असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ चाललं आणि झाड गेलं. उपटलं तर मुळ्या तपकिरी, चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत फक्त दोरा राहायचा. मातीला कुबट वास येत होता. मुळ्या कुजल्या की झाड पाणी ओढूच शकत नाही, म्हणजे ते चिखलात उभं राहून तहानलेलं असतं, आणि मी त्यात आणखी पाणी ओतत होते.

म्हणून दुपारी निर्णय घेऊ नका, कडक उन्हात धडधाकट झाडही मान टाकतं. सकाळी लवकर जाऊन बघा. ताठ उभं असेल तर काही झालेलं नाही, सोडून द्या. सकाळीही लोंबलेलं असेल तर मातीत बोट दोन पेरं खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या, तासा-दोन तासात उभं राहील. ओलं लागलं तर पाणी पूर्ण बंद, कुंडी असेल तर खालचं भोक मोकळं करा आणि माती वरून सुकू द्या.

माती बरोबर आहे तरी झाड उठत नाही, मग मर रोगाचा संशय घ्या. एकाच बाजूची फांदी किंवा पानाची एकच बाजू पिवळी पडून वाळतेय, तर खोड जमिनीजवळ तिरकं कापा, सालीखाली तपकिरी रेषा दिसल्या की बुरशीची मर. पानं हिरवीच राहून दोन-तीन दिवसांत सगळं झाड कोसळलं तर जिवाणूंची मर, आणि ती घरच्या घरी तपासता येते: खोडाच्या बुडाचा ताजा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक खाली करून हालचाल न करता धरा. काही मिनिटांत टोकातून दुधट दोरे खाली उतरायला लागतात. एकदा पाहिलं की विसरत नाही. आणि मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत.

या तिन्हींवर त्या झाडाला वाचवणारं औषध नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. झाड मुळासकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, कात्री स्पिरिटने पुसा. त्या जागी निदान 3 वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काहीच नको, कुंडी असेल तर मातीच बदला. पुढच्या वेळी बियाण्याच्या पाकिटावर जातीच्या नावापुढची अक्षरं वाचा, एफ म्हणजे बुरशीच्या मरीला आणि एन म्हणजे सूत्रकृमींना दाद न देणारी जात.

पानं वळण्याचे दोन प्रकार, ते एक समजू नका. खालची पानं नळीसारखी वळलीत पण हिरवी आणि जाड आहेत, तर उन्हामुळे किंवा जास्त छाटणीमुळे, काही करायचं नाही. शेंड्याची पानं बारीक, वर वळलेली, कडा पिवळ्या आणि वाढ खुंटलेली, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला बोकड्या, म्हणजे विषाणूचा रोग. उपटा. मला दर वेळी वाईट वाटतं, तरी उपटते.

फळाचं बूड काळं पडून चामड्यासारखं झालं तर तो रोग नाही, फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही, आणि बहुतेक वेळा कारण एकच, कधी कोरडं कधी भरपूर असं पाणी. पाणी नियमित करा. इथे एप्सम सॉल्ट अजिबात घालू नका, त्यातलं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं. अंड्याची टरफलं कुजायला इतका वेळ घेतात की या हंगामात त्यांचा उपयोग नाही.

नीम ऑइल फक्त किडींसाठी, 1 लिटर पाण्यात 5 मिली आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबा, उन्हात मारलं तर पानं भाजतात.