ग्रॅज्युएशन पार्टीचं बोलावणं: अमेरिकेत नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

लेक बारावीला गेली, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर झाली, की मेपासून टपालात जाड कागदाची कार्डं यायला लागतात. टोपी-गाऊनमधला फोटो, खाली शाळेचं नाव, ग्रॅज्युएशनच्या म्हणजे बारावी संपल्याच्या समारंभाची तारीख-वेळ. आम्हाला पहिलं असं कार्ड आलं तेव्हा आम्ही ठेवणीतले कपडे घालून थेट शाळेत हजर! दारावर तिकिटं मागितली. बऱ्याच शाळांत प्रत्येक मुलाला मोजकीच तिकिटं मिळतात, ती घरच्यांनाच पुरत नाहीत. ते निमंत्रण नव्हतंच, अनाउन्समेंट होती. 'आमचं लेकरू पास झालं' एवढंच त्यात सांगायचं असतं. उत्तरादाखल अभिनंदनाचं एक कार्ड पाठवलं तरी पुष्कळ झालं. बोलावणं असेल तर पार्टीचा पत्ता वेगळा छापलेला असतो.

आता तुमच्या घरची पार्टी. तारीख मार्च-एप्रिलमध्येच धरा, कारण मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या शनिवार-रविवारांवर सगळ्यांचाच डोळा असतो. मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या, सुट्टीत लोक गावाला जातात आणि जूनचा तिसरा रविवार फादर्स डेला गेलेला असतो. लेकीच्या दोन-तीन जवळच्या मैत्रिणींच्या पार्ट्या कधी आहेत ते तिलाच विचारायला सांगा, नाहीतर मुलं तासाभरात पळतील. पार्कातली शेड हवी असेल तर तीही तेव्हाच बुक करा. निमंत्रणं महिनाभर आधी निघाली की पुरे.

खरी गंमत मजकुरात आहे. आपल्या पत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' लिहिलं की बाकीचं फोनवरच्या आग्रहात होतं. इथे मात्र कागदावर जे लिहिलंय तेच बोलावणं. पाकिटावर फक्त मुलाचं नाव असेल तर एकट्या मुलालाच बोलावलंय असं समजतात. घरच्या सगळ्यांना बोलवायचं असेल तर आडनावापुढे 'फॅमिली' लिहा.

'ओपन हाउस, 1 ते 4' याचा अर्थ मधे केव्हाही या, खा, अर्धा-पाऊण तास गप्पा मारा आणि निघा. आपली मंडळी साडेतीनला उगवतात आणि रात्रीचा वरणभात होईपर्यंत हलत नाहीत. (मलाही तेच आवडतं, पण ऐन चारला शेजारीण रिकाम्या खुर्च्या घड्या करायला घेते तेव्हा फार ओशाळं होतं.) म्हणून मी मराठी घरांना वेगळा निरोप पाठवते: "दुपारी शाळेची मंडळी असतील, तुम्ही सहानंतर जेवायलाच या." वेळ जेवणाची नसेल तर काय मिळणार तेही लिहावं. चहा-फराळ म्हणजे चहा-फराळ.

तारीख आकड्यांत लिहू नका. 6/7 म्हणजे इथे 7 जून, आणि नुकतं भारतातून आलेलं माणूस वाचणार 6 जुलै. 'शनिवार, 7 जून' असं वारासकट लिहिलं की प्रश्न मिटला.

आरएसव्हीपीची, म्हणजे येणार की नाही ते कळवण्याची, शेवटची तारीख पार्टीच्या दोन आठवडे आधीची द्या. अमेरिकन शेजारी हो किंवा नाही कळवतात. आपल्याकडून 'बघतो, जमवतो' येतं, त्यांना सरळ फोन करून "किती जण?" विचारा. कुणी रागावत नाही.

आहेराबद्दल इंग्रजी कार्डावर अवाक्षरही नको. 'आपली उपस्थिती हाच आहेर' मराठीत शोभतं, पण इंग्रजीत भेटवस्तूचं नावच काढू नये असं इथले जुने लोक मानतात. तरी लोक कार्डात चेक किंवा नोटा घालून देतातच. एका वहीत कुणी काय दिलं ते त्याच रात्री टिपून ठेवा, कारण नंतर लेकीला प्रत्येकाला हाताने थँक यू नोट लिहायची असते. आमच्या लेकीने पहिल्या पाच लिहिल्या आणि उरलेल्या ऑगस्टमध्ये, कॉलेजचं सामान भरता भरता.

आणि हो, चौकोनी पाकिटं घेऊ नका. दिसतात छान, पण त्यांना जास्तीचं पोस्टेज लागतं.