या चुका टाळा: वेतन आणि ओव्हरटाइमचे नियम बदलले की पगारपत्रक कुठे फसते

किमान वेतन वाढले किंवा ओव्हरटाइमचा नियम बदलला की बहुतेक ठिकाणी एकच काम होते. पगार काढणारा माणूस सॉफ्टवेअर उघडतो, जुना दर खोडून नवा टाकतो आणि ‘झालं’ म्हणून वर कळवतो. तक्रार येते ती काही महिन्यांनी, आणि दराबद्दल ती क्वचितच असते. दीडपट की दुप्पट हे सगळ्यांना पाठ असते. कशाच्या दुप्पट आणि किती तासांचे, इथे घोळ होतो. वेळ कमी असेल तर खालच्या पहिल्या दोन चुका तरी नीट वाचा.

दर नवा, आधार जुना

भारताचेच उदाहरण घ्या. वेतन संहिता (वेतनाबद्दलचा केंद्राचा कायदा) २०१९ साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ओव्हरटाइमचा दर तिच्यात किमान दुप्पट आहे, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यातही तो दुप्पटच होता. त्यामुळे ‘आपल्याकडे काही बदललेच नाही’ असे वाटणे साहजिक आहे. बदल आहे तो वेतनात काय काय धरायचे यात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता वेतनात येतात. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते बाहेर राहतात. मात्र बाहेर ठेवलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली, तर वरचा भाग उचलून वेतनातच मिळवावा लागतो.

आकड्यांत बघू. समजा महिन्याचा एकूण मोबदला ४०,००० रुपये आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,०००, बाकीचे २६,००० वेगवेगळ्या भत्त्यांचे. निम्मे म्हणजे २०,०००. भत्ते त्याहून ६,००० ने जास्त, म्हणून वेतन धरायचे ते १४,००० नव्हे, २०,०००. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर २०८ तास होतात. जुन्या सवयीने फक्त मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर हिशेब केला, तर दुप्पट दराने तासाला सुमारे १३५ निघतात. नव्या आधारावर सुमारे १९२. दुप्पट दोन्हीकडे आहे, तरी तासामागे ५७ चा फरक. ग्रॅच्युइटीचा हिशेबही याच वेतनावर होतो, हे बजेट करताना विसरले जाते.

अमेरिकेत हीच चूक बोनसच्या दाराने आत येते. तिथे १९३८ पासूनच्या कायद्यानुसार आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट द्यावे लागते, आणि आधी ठरवून दिलेला उत्पादन किंवा हजेरी बोनस दराच्या हिशेबात धरावा लागतो. तासाला २०० मिळवणाऱ्या एकाने आठवड्यात ४६ तास काम केले आणि त्या आठवड्याचा ९२० बोनस कमावला, असे समजा. घाईतला हिशेब असा: ४० तासांचे ८,०००, सहा तासांचे ३०० प्रमाणे १,८००, वर बोनस; एकूण १०,७२०. बरोबर हिशेब असा: ४६ तासांचे ९,२०० अधिक ९२०, म्हणजे १०,१२०. त्याला ४६ ने भागले की तासाचा दर २२०. एकपट आधीच धरले आहे, म्हणून सहा तासांवर त्याचा फक्त अर्धा, म्हणजे ११० प्रमाणे ६६० वर द्यायचे; एकूण १०,७८०. साठचा फरक एका माणसाला एका आठवड्यात जाणवत नाही. शंभर माणसे आणि दोन वर्षे म्हटली की जाणवतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. पे-स्लिपवरचे एकेक शीर्षक कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे तीन रकाने करा: किमान वेतनात धरायचे का, ओव्हरटाइमच्या आधारात धरायचे का, इतर लाभांच्या हिशेबात धरायचे का. तीनही उत्तरे एकसारखी असतीलच असे नाही. ‘इतर भत्ता’ नावाचे गाठोडे असेल तर आधी ते उघडा. तपासणीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

जे तास मस्टरवर नाहीत, ते

शिफ्ट आठला सुरू होते, पण यंत्र तापायला पंधरा मिनिटे लागतात म्हणून ऑपरेटर पावणेआठला येतो. पंच आठ वाजताच करायचा, अशी तोंडी सूचना असते. संध्याकाळी पुढच्या शिफ्टला काम समजावून द्यायला दहा मिनिटे जातात. घरी गेल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्याचा माल कुठे ठेवलाय?’ हा प्रश्न येतो आणि उत्तरही जाते. हे सगळे काम आहे, आणि मस्टरवर यातले काहीच नाही.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ च्या निकालात यावर स्पष्ट भूमिका घेतली: रोजचे कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि कर्मचाऱ्याला पाहता येईल अशी व्यवस्था मालकांनी ठेवावी, असे बंधन सदस्य देशांनी घातले पाहिजे. कारण उघड आहे. किती तास काम झाले याची नोंदच नसेल तर मर्यादा आणि जादा दर कागदावरच राहतात. नोंद नसण्याचा तोटा मालकालाही होतो. वाद झाला की कर्मचाऱ्याच्या डायरीपुढे ठेवायला त्याच्याकडे काही नसते.

पंचिंग मशीनचे राउंडिंगही एकदा उघडून बघा. ७:५२ चा पंच ८:०० धरला जातो आणि ८:०४ चा ८:१५, असे सेटिंग मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिले आहे. दोन्ही वेळा फायदा एकाच बाजूला जातो. याला राउंडिंग म्हणत नाहीत. आता मिनिटांवर हिशेब करणे कोणत्याही सॉफ्टवेअरला जड नाही, तेव्हा राउंडिंग बंद केलेलेच बरे.

‘परवानगी न घेता थांबला, म्हणून पैसे नाहीत’ हा नियम अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत सापडतो. अमेरिकेत तो टिकत नाही: मालकाने काम होऊ दिले तर पैसे द्यावेच लागतात. शिस्तीची कारवाई वेगळी करा. पगारातून वसुली हा तिचा मार्ग नाही.

पदनाम बघून ओव्हरटाइम बंद करणे

कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापले की ओव्हरटाइम गेला, ही समजूत फार लाडकी आहे. कायदा मात्र दिवसभर तो माणूस काय करतो आणि त्याला पगार कोणत्या पद्धतीने मिळतो, हे बघतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे समुद्रातल्या तेलविहिरीवरच्या एका पर्यवेक्षकाचे प्रकरण आले. वर्षाची कमाई दोन लाख डॉलरच्या वर, तरीही न्यायालयाने त्याला ओव्हरटाइमचा हक्कदार ठरवले. कारण त्याला ठरलेला साप्ताहिक पगार नव्हता, दिवसाच्या हजेरीवर पैसे मिळत होते. नियम बदलला की पदांची यादी नव्हे, कामांची यादी तपासा.

सुट्टी देऊन फिटवणे

या आठवड्यात ५० तास, पुढच्यात ३०, सरासरी ४०, म्हणून ओव्हरटाइम नाही, असा हिशेब मांडला जातो. काही देशांत सरासरी चालते; युरोपातली ४८ तासांची साप्ताहिक मर्यादा सरासरीनेच मोजतात. अमेरिकेत प्रत्येक आठवड्याचा हिशेब स्वतंत्र असतो, आणि खासगी कंपनीला ओव्हरटाइमच्या पैशांऐवजी बदली सुट्टी देता येत नाही. कॅलिफोर्नियात तर दिवसाचे आठ तास ओलांडले की दीडपट आणि बारा ओलांडले की दुप्पट. शाखा दोन ठिकाणी असतील तर एका ठिकाणची पद्धत दुसरीकडे तशीच नेऊ नका.

बातमी आली, लगेच बदल केला (किंवा केलाच नाही)

मंजूर होणे, अधिसूचना निघणे आणि अंमल सुरू होणे या तीन वेगळ्या तारखा असतात. वर सांगितलेल्या वेतन संहितेत पहिल्या आणि शेवटच्या तारखेत सहा वर्षे गेली. कधी गाडी उलटीही येते. अमेरिकेत ओव्हरटाइममधून सूट मिळण्यासाठी लागणारा किमान साप्ताहिक पगार १ जुलै २०२४ रोजी ६८४ वरून ८४४ डॉलर झाला, आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. आकडा पुन्हा ६८४ वर आला. मधल्या काळात ज्यांनी पगार वाढवले होते, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: वाढ मागे घ्यायची का? माझ्या मते दिलेली वाढ काढून घेण्यात कायद्यापेक्षा माणसे गमावण्याचा धोका मोठा असतो. म्हणून अशा वेळी पर्याय आधी मांडून ठेवावा: कुणाचा पगार वाढवायचा आणि कुणाला ओव्हरटाइमसाठी पात्र धरून तास मोजायचे.

अंमलाची तारीख पगाराच्या चक्राच्या मध्ये आली, तर महिना दोन तुकड्यांत मोडा. ‘पुढच्या महिन्यापासून देऊ’ म्हटले की त्या दिवसांची थकबाकी तयार झालीच.

आणखी एक: तळाचा पगार वाढवला आणि वरच्यांचा तसाच ठेवला, की आठ वर्षांचा अनुभवी कामगार आणि काल लागलेला पोरगा यांच्या पगारात नावापुरता फरक उरतो. हे बेकायदा नाही. पण राजीनामे इथूनच येतात.

चूक सापडली, आता?

पुढच्या महिन्यापासून गुपचूप दुरुस्ती करणे ही सगळ्यात महागडी चूक. कमी दिले होते हे जुने पगारपत्रक सांगतच राहते. भारतात वेतन संहितेनुसार दावा करायला तीन वर्षे आहेत. अमेरिकेत दोन, आणि चूक जाणूनबुजून केली असेल तर तीन. शिवाय तिथे थकबाकीइतकीच रक्कम भरपाई म्हणून वर द्यावी लागू शकते.

चूक कधीपासून सुरू झाली ते आधी शोधा. बहुतेक वेळा एखादे सॉफ्टवेअर अपडेट किंवा पगाराची नवी रचना सापडते. तिथपासून प्रत्येकाचा फरक काढा, सोडून गेलेल्यांचाही. फरकाची रक्कम पे-स्लिपवर वेगळ्या ओळीत, कोणत्या महिन्यांची ते लिहून दाखवा. ‘माझे काही येणे नाही’ अशा कागदावर सही घेऊन प्रकरण मिटेल, या भरवशावर राहू नका. किमान वेतनाचा हक्क कामगाराच्या सहीने सुटत नाही. उलट जास्त गेले असेल, तर एका पगारात सगळे कापू नका. भारतात एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाता येत नाही.

कंत्राटी माणसे यादीतून वगळू नका. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर जबाबदारी ज्याच्या आवारात काम झाले त्याच्यावर येऊ शकते. म्हणून त्याचे बिल पास करताना सोबत हजेरी आणि बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा मागा, आणि नवा दर त्याच्या करारात कोणत्या तारखेपासून धरला आहे तेही बघा.